प्रधानजींचा जुना पंखा

राणी मैनावतीचा नवरा, म्हणजे साक्षात राजा, दिवसभर कॉम्प्युटरवर लढाया मारायचा. त्याच्या तयार आणलेल्या कॉम्प्युटरात नवा, दमदार प्रोसेसर बसवताना कारागीर म्हणाला, "हा जास्त तापतो, आता पंखाही मोठा हवा."

"पंखा जुनाच ठेव!" प्रधानजी गुरकावले.

झालं! ऐन लढाईत कॉम्प्युटर तापून बंद पडला. वर प्रधानजीच गरजले, "कारागिराला तुरुंगात टाका!"

राणी गोड हसली. "प्रधानजी, तुमच्याइतका दमदार गडी राज्यात नाही. शालजोडी पांघरून भर उन्हात धावत गड चढून दाखवा. वाऱ्याला हे जुनं मोरपीस घ्या!"

प्रधानजी फुशारले, धावले आणि पहिल्याच वळणावर आडवे झाले.

राजा घाबरला. "अगं, यांना काय झालं?"

"काही नाही, महाराज. प्रोसेसर दमदारच आहे, पंखा तेवढा जुना ठेवलाय!"