सगुणाबाईकडे नेलेली भाकरी

एकदा एक वृद्ध वैद्यराज, गावात कुणीही मेलेले नसताना, पिठलं-भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन भरदुपारी एका घरी निघाले. मागून त्यांचा शिष्य, लाजेने अर्धमेला.

लाज वाटण्याजोगेच होते. त्या गावात शेजारची भाकरी जाई ती फक्त सुतकाच्या घरी, कारण तिथे चूल पेटत नसे. आणि हे घर तर सगुणाबाईचे. तिचा तरुण मुलगा केरबा जन्मापासून अंथरुणाला खिळलेला. त्याला उचलणे, न्हाऊ घालणे, भरवणे, सारे ती एकटीच करी. गावाला तिचे भारी कौतुक. येता-जाता लोक तिच्या पाया पडत आणि आपापल्या कामाला लागत. पाया पडायला वेळ तो कितीसा लागतो!

आदल्याच दिवशी ती पाठीला लेप मागायला आली आणि शिष्यासमोर रडली. "देवाला म्हणते, माझ्या आधी ह्याला ने. आई असून असलं मागते मी!" शिष्याने तिला धीर धरायला सांगितले. वास्तविक धीराखेरीज तिच्याजवळ दुसरे काही उरलेच नव्हते.

टोपली पाहून शेजारची भागूबाई धावली. "अहो वैद्यबाबा, पोर जितं हाय आन् तुम्ही मौतीची भाकर आणता?"

"भागूबाई, उद्या तो गेला तर तू आणशील?"

"आणीन की! तेरा दिवस सारा गाव आणंल."

"तेव्हा हिला घास गिळवणार नाही. हिचे हात आज थकलेत, भूक आज आहे. आपण हिला देवी करून ठेवली. आणि देवीला कोण विचारतं, बाई, जेवलीस का?"

भागूबाई पदर खोचून आत गेली. "सगुणे, ह्याला कुशीवर कसं वळवायचं, दाव मला."

"खांद्याखाली हात घाल. भिऊ नको, मोडत न्हाई तो."

नव्या हाताच्या गुदगुल्यांनी केरबा खदखदून हसला. सगुणाबाई दुसऱ्याच्या हातची भाकरी बसून जेवली आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. दचकून उठली, तर केरबाचे जेवण झाले होते, तोंडही पुसलेले होते. ती दारात नुसती उभी राहिली. करायला काहीच नव्हते, आणि तिला फार बरे वाटत होते.

शिष्याने तिच्या पाठीसाठी आणलेली लेपाची वाटी झाकून ठेवली.

ज्याच्या पाया पडावेसे वाटते, त्याच्या हातातले काम आधी आपल्या हाती घ्यावे.