दोनशे बारा ढेकळं

“म्हणजे ही माणसं इथे टाकलेली नव्हती, असं म्हणायचंय तुम्हाला?”

डॉ. रिसबुडांनी विचारलं. दस्तगीरबाबा खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसून खाली बघत होते.

खाली तेरा सांगाडे होते. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचे.

जत तालुक्याच्या टोकाला एक ओढा आहे. अलीकडे मराठी गाव, पलीकडे कानडी. अलीकडच्या काठावर शेततळं खोदताना हाडं लागली, आणि पुण्याहून डॉ. रिसबूड उत्खननाला आले. त्याला चार महिने झाले होते.

अहवाल तयार होता. पहिल्याच पानावर निष्कर्ष होता : पलीकडच्या टोळीने अलीकडच्या तेरा जणांना मारलं आणि प्रेतं घाईघाईने खड्ड्यात टाकली.

बारा वाजता जीप अहवाल घेऊन निघणार होती. खाली फक्त सही व्हायची होती. सकाळपासून रिसबुडांनी तीनदा पेनाचं टोपण काढलं होतं आणि तीनदा लावलं होतं.

कामावरच्या बाया म्हणाल्या, दस्तगीरबाबांना दाखवा. दर्ग्यापाशी राहणारा फकीर. पन्नास वर्षं दोन्ही काठांवरच्या कबरी त्यानेच खणलेल्या.

रिसबुडांनी त्यांना बोलावून घेतलं. विचारायला नव्हे. त्यांच्या तोंडून ‘बरोबर आहे’ एवढं ऐकायला.

“खड्डा बघा ना, बाबा. जेमतेम गुडघाभर. प्रेमाने पुरणारा माणूस एवढा उथळ खणेल?”

बाबांनी काठी खाली सोडली. टक्क आवाज आला.

“खडक हाय, मास्तर. मी बी हितंच थांबलो असतो.”

रिसबुडांना आयुष्यात ‘मास्तर’ कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी वही उघडली.

“ठीक. पण वरची माती बघा. खणलेलीच माती परत लोटली असती, तर ती एका रंगाची असती. ही तीन रंगांची आहे. काळी, पांढरी आणि तांबडी. तांबडी फक्त पलीकडच्या माळावर सापडते. मी तपासलंय. म्हणजे खड्डा बुजवायला पलीकडची माणसं हजर होती.”

“होती की.”

“म्हणजे मारणारे पलीकडचे!”

“हे मातीत कुठं लिवलंय?”

घमेलं डोक्यावरून उतरवत काशव्वा हसली. काशव्वा पलीकडच्या गावची. चार महिने याच खड्ड्यावर कामाला होती.

“अज्जा, आमच्या आज्ज्याच्या आज्ज्यानं खून केलाय म्हणं. बाराशे वर्षं लपून बसलावता. साहेबांनी पकडला बघा!”

कुणी हसलं नाही. निष्कर्ष फुटल्यापासून, आठ दिवस, दोन काठांच्या बाया भाकरी वेगवेगळ्या झाडाखाली सोडत होत्या.

काशव्वाच्या लेकीची सोयरीक अलीकडच्या गावात ठरली होती. व्याह्याने निरोप धाडला होता, रिपोर्ट येऊ दे, मग हळदीचं बघू.

“पोरगी इचारती, आई, काय झालं गं?” काशव्वा म्हणाली. “काय सांगू तिला? तुझ्या खापरपणज्याची केस चालू हाय म्हणून?”

रिसबुडांनी मान खाली घातली. हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच टोपण निघत होतं आणि लागत होतं. पण पुरावा हा पुरावा...

बाबांनी लाकडी ट्रेकडे बोट केलं. “ही ढेकळं कसली?”

“खड्ड्यातलीच. सांगाड्यांच्या वर होती. दोनशे बारा आहेत.” रिसबुडांचा आवाज जरा वर चढला. “प्रत्येकाची लांबी, वजन, रंग, सगळं नोंदलंय. जवळजवळ सगळी एकाच मापाची. आणि प्रत्येकावर चार-पाच खाचा. झाडाच्या मुळांच्या.”

“झाड कुठलं?”

“...ते अजून ठरायचंय.”

बाबांनी ट्रेवर वाकून एका ढेकळाच्या खाचांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले,

“वही खाली ठेवा, मास्तर.”

“का?”

“हात रिकामा लागतोय.”

रिसबुडांनी वही ठेवली. पेनही ठेवलं.

“माती घ्या.”

नुकतंच पाणी शिंपडलं होतं, माती ओली होती. रिसबुडांनी नमुना घ्यावा तशी ती दोन बोटांत उचलली.

“चिमूट नको. मूठ.”

रिसबुडांनी मूठ भरली.

“आता आवळा.”

त्यांनी आवळली.

“अशी न्हवं. तुमचं कोणतरी गेलं असंल की... त्याला आठवून आवळा.”

रिसबुडांनी डोळे मिटले. हळूहळू बोटांची पेरं पांढरी पडली.

बाया जवळ सरकल्या.

“सोडा.”

तळहातावर एक ढेकूळ होतं. एका अंगाला चार खाचा. दुसऱ्या अंगाला एक, अंगठ्याची.

बाबांनी ट्रेमधलं एक काळं ढेकूळ उचललं आणि त्याच्या शेजारी ठेवलं.

क्षणभर रिसबुडांना कळेना, यातलं आपलं कोणतं.

ते तिथेच मातीत बसले.

चार महिने. दोनशे बारा ढेकळं. प्रत्येक मोजलं, प्रत्येक तोललं... आणि एकदाही मूठ मिटली नाही.

“मूठमाती,” ते पुटपुटले. “बाबा, आमच्या लिहिण्यात या शब्दाचा अर्थच वेगळा झालाय. अमक्या विचाराला मूठमाती दिली, असं लिहितो आम्ही. म्हणजे टाकून दिला.”

“टाकायचं असतं तर फावडं पुरलं असतं की.”

रिसबुडांनी वर बघितलं.

“मूठ कशाला लागती, मास्तर? टाकवत न्हाई म्हणून.”

काशव्वा एव्हाना ट्रेपाशी बसली होती. तिने एक तांबडं ढेकूळ उचललं, कडेला नखाने खरवडलं, हुंगलं.

“ही आमच्या माळाची. ह्याच मातीनं चूल सारवती मी.”

अलीकडच्या गावची एक म्हातारी मजूर पुढे आली. तिने पांढरं ढेकूळ घेतलं. “ही आमच्या गावठाणातली. आमच्या भिंती ह्याच्याच हाइत.”

“घरातनं आणलीय बघा मूठ भरून,” काशव्वा म्हणाली. “तुम्ही बी आणि आम्ही बी. एकाच खड्ड्यात की ओ!”

ती एकदम रिसबुडांकडे वळली. “मग खून?”

“नाही. म्हणजे... कशाने गेले, ते सांगता येत नाही. तापाची साथ असेल. हाडांवर घाव तर एकही नाही.”

“एकबी न्हाई?”

“नाही.”

“मग हे आदी सांगायचं न्हाई होय?”

“लिहिलं होतं,” रिसबूड ओशाळून म्हणाले. “पान त्रेचाळीसवर.”

आता मात्र सगळ्या बाया हसल्या. दोन्ही काठांच्या. सगळ्यांत मोठ्यांदा ती पांढऱ्या मातीची म्हातारी.

काशव्वाने पदर खोचला. “व्याह्याला घेऊनच येते हितं. माझं ऐकायचा न्हाई त्यो. सोताच्या मुठीत धरून बघू दे.”

“अगं, जेवून तरी जा!” म्हातारी ओरडली.

ती ऐकायला थांबली नाही. अलीकडच्या गावाच्या वाटेला लागलीसुद्धा.

वर जीपचा हॉर्न वाजला. रिसबुडांनी हात हलवून ड्रायव्हरला सांगितलं, आज नाही.

मग त्यांनी अहवालाचं पहिलं पान फाडलं. नंतर दुसरं. चार महिन्यांत त्यांना असा भरून श्वास घेता आला नव्हता. पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं, तसे ते खांदे पाडून बसले.

“वाचलो, बाबा,” ते म्हणाले. “सही केली असती आणि मेलो असतो... म्हणजे पुढच्या शंभर जणांनी माझाच दाखला देऊन हीच चूक लिहिली असती.”

बाबा नुसते हसले.

कोरा कागद पुढे ओढून रिसबूड लिहू लागले. तेरा जण पुरलेले. रीतसर. दोन्ही गावांच्या हातांनी. पेन सरसर चाललं.

मग थांबलं.

कपाळावर जुनी आठी परत आली.

“बाबा... छापील तक्त्यात एक रकाना आहे. मृत कोणत्या प्रदेशातले? तो मोकळा ठेवता येत नाही. ही माणसं इकडची म्हणायची, की तिकडची?”

बाबांनी हाताची माती लुंगीला पुसली. काठीवर भार देऊन उठले.

“मास्तर, कबर खणायला चला, म्हणून कोणतरी माझ्या दारात येतंय. मी त्याला एकच इचारतो.”

“काय?”

“उंची किती?”