बिनठसक्याची मिरची

मला गोष्टी सांगायला आवडत नाही. ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जाऊन शेजाऱ्याला लावतात. स्वतःला कुणी लावून घेत नाही. पण तुम्ही पिच्छा सोडत नाही, म्हणून एकदाच सांगते. मधे बोलायचं नाही.

एका परसात एक राज्य होतं आणि त्या राज्यात कुणाचं काही दुखलं की दृष्ट काढत. मोठ्या पानांची अळूमावशी मीठ-मोहरी घ्यायची, लवंगी मिरचीच्या म्हाताऱ्या झाडाकडून मिरच्या मागून आणायची, आजाऱ्यावरून उतरायची आणि शेगडीत टाकायची. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, साधं दुखणं. नाही लागला तर दृष्ट जबर. असा तिथला कायदा. ठसका दर वेळी लागायचा. त्या धुरानं पानांवरचा मावा, ती रस शोषणारी कीड, पळायचा, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे. लवंगीला शिव्या देत, खोकत खोकत सगळे बरे व्हायचे.

राज्याचा मुख्य होता भोपळा. त्याच्याइतकी जागा कुणी अडवली नव्हती, म्हणून तो मुख्य. एकदा शेजारच्या बागेतली फुलं पाहुणी आली. भोपळा त्यांना सांगत होता, की आमच्या राज्यात सगळे कसे सावलीत, सुखात आहेत. तेवढ्यात लवंगीचं झाड म्हणालं, "सावली तुझ्याच पानांची रे बाबा. खालच्यांना ऊन दिसून किती दिवस झाले, तेही सांग की पाव्हण्यांना."

भोपळ्याला भर सभेत ठसका लागला. फुलं हसली. दुसऱ्या दिवशी लवंगीचं झाड मुळासकट उपटून कुंपणापलीकडं उकिरड्यावर फेकलं गेलं.

"आता दृष्टीला मिरची कुठली आणू?" अळूमावशीनं विचारलं.

"मिरचीला मी नाही म्हणत नाही, मावशी. तिखटाला म्हणतो," भोपळा म्हणाला.

मग भोपळी मिरचीचं रोप आलं. चकचकीत अंगाची, मुठीएवढी फळं. भोपळा खूश. "नावातच भोपळी. आपल्याच भावकीतली." वांग्यानं डोकं चालवलं, "बोटाएवढी मिरची एवढं काम करायची, तर ही केवढं करील."

भोपळी आल्याआल्याच म्हणाली, "मी नावाची मिरची आहे. माझ्यात तिखट नाही."

"बघा," भोपळा सगळ्यांना म्हणाला, "मोठ्या घरची आहे. बोलणंसुद्धा झोंबत नाही."

पुढं चवळीच्या कोवळ्या शेंगांवर मावा बसला. अळूमावशीनं भोपळीचं फळ तोडलं, उतरलं, शेगडीत टाकलं. सवयीनं सगळ्यांनी नाकं दाबली. ठसका काही येईना.

"अगं बाई," अळूमावशी म्हणाली. "ठसका नाही. केवढी जबर दृष्ट ही."

आजवर कधी न लागलेली दृष्ट लागली, म्हणजे लावणारं कुणी हवं. सगळ्यांनी कुंपणापलीकडच्या उकिरड्याकडं बघितलं.

मावा चवळीवरून वांग्यावर गेला. भोपळीचं दुसरं फळ गेलं, तिसरं गेलं. ठसका नाही. जितकी फळं जळत, तितकी दृष्ट जबर ठरे, आणि दृष्ट जबर म्हणून आणखी फळ लागे. भोपळी दर वेळी सांगायची, की माझ्यात तिखट नाही. लोक म्हणायचे, गुणी आहे, मोठेपणा घेत नाही.

शेवटी झाडावर एकच फळ उरलं, पिकून लाल झालेलं. अळूमावशी जवळ आली तशी भोपळी पहिल्यांदाच पानं आवळून उभी राहिली.

"मावशी, एवढं राहू द्या. यात माझं बी आहे."

"माझी लेकरं वाळली," चवळी मागून म्हणाली, "आणि हिला फळाचं पडलंय."

अळूमावशीनं मान वळवली आणि न बघता फळ तोडलं.

निखाऱ्यावर त्याची साल फुगली, फुटली, आतल्या बिया तडतडल्या. गोडसर वास परसभर पसरला. वांग्याच्या तोंडाला पाणी सुटलं. माव्यानं देठापासून शेंड्यापर्यंत काळा झालेला भोपळा नाक दाबून वाट बघत होता. त्याच्या नाकावरही मावा चालत होता. कुणीच खोकलं नाही.

उकिरड्यावर लवंगीनं मूळ धरलं होतं. अंगभर लाल मिरच्या, पानाला किडीचा डाग नाही.

"बघा कशी टवटवीत आहे," भोपळा म्हणाला. "आता तरी पटलं ना, दृष्ट कुणाची ते? आणा भोपळीचं दुसरं रोप."

भोपळीची माफी मागावी, तर ती उरली नाही. माझी, या उकिरड्यावरच्या लवंगीची, मात्र भोपळ्यानं अजून मागितलेली नाही.