काट्यांनी सांधलेली पेटी

मुलांनो, शाळेच्या संगणकखोलीत भिंतीवर एक चपटी, लुकलुकणारी पेटी असते, ती तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? सगळ्या संगणकांच्या तारा तिच्यात येऊन मिळतात आणि ज्याचा निरोप त्यालाच ती पोचवते. तिला स्विच म्हणतात. मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक खार राहत असे, तिच्याकडेही अशीच एक पेटी होती. फरक एवढाच, की तारांच्या जागी वेली होत्या.

या खारीचा मोहफुले साठवण्याचा उद्योग होता. मोहाची फुले पहाटे गळतात आणि लगेच वेचली नाहीत तर हरणे येऊन ती फस्त करतात. म्हणून प्रत्येक राईत एक होला पहारा देई. फुले गळू लागली की तो चोचीने वेलीला हिसका देई. वस्त्यांपर्यंत सलग वेल पुरत नसे, म्हणून सगळ्या वेली मधोमध खारीच्या झाडावर टांगलेल्या लाकडी पेटीत येऊन मिळत. पेटीतली फिरकी फिरे, आणि ज्या राईचा हिसका असेल तिच्याच वेचणाऱ्यांच्या वस्तीत टांगलेल्या वाळक्या शेंगा खुळखुळू लागत. कुठे उंदीर, कुठे तितर, कुठे ससे, सगळे टोपल्या घेऊन धावत. पुढे पावसाळ्यात बाहेर पडायची सोय राहत नसे, तेव्हा याच साठ्यावर त्यांच्या पिल्लांची पोटे भरत.

खार कष्टाळू आणि शब्दाची पक्की होती. तिचे पाहून लांबलांबच्या वस्त्या तिच्याशी जोडल्या गेल्या. दोन राया होत्या, त्यांच्या सहा झाल्या. पेटी मात्र तीच राहिली, दोन रायांपुरती. हंगामाआधी खारीने सगळ्या होल्यांना एकदा वेली ओढून पाहायला सांगितले, तर उंदरांच्या शेंगा वाजायच्या त्या सशांच्या वाजल्या आणि तितरांकडे तर काहीच पोचले नाही. फुले हरणांनी खाल्ली, तर पावसाळ्यात पिल्लांना काय घालायचे?

ती सुतारपक्ष्याकडे गेली. तो म्हणाला, पेटी जरूर कोरून देईन, पण ओले लाकूड वाळायला वर्ष जाईल. इकडे मोहाच्या कळ्या तर टचटचीत फुगल्या होत्या. खारीने मग वापरलेली, दुरुस्त केलेली पेटी घ्यायचे ठरवले. ते ऐकून कावळा तिच्या फांदीवर येऊन बसला आणि म्हणाला, "खारूताई, धंदा वाढला आणि पेटी मात्र कुणाची तरी उतरवलेली? लोक काय म्हणतील?"

"लोक पेटी खाणार नाहीत, दादा, फुले खाणार आहेत," खार म्हणाली आणि चालू लागली.

पहिल्यांदा ती कोल्ह्याकडे गेली. त्याच्या पेट्या आरशासारख्या चकाकत होत्या. प्रत्येकीला त्याने लाखेचा जाड लेप दिला होता. मोबदलाही तो थोडाच मागत होता. ही पेटी आधी कुठे होती आणि तिथून का उतरवली, असे खारीने विचारले, तेव्हा त्याने हसून विषय बदलला आणि पेटीला एका बाजूने शेंगा आणि दुसऱ्या बाजूने एक वेल बांधून ती ओढून दाखवली. शेंगा छान वाजल्या.

"ऐकलेत ना, ताई? अगदी नव्यासारखी आहे."

"एकाच वेलीवर चालेल हो," खार म्हणाली, "पण माझी एकच राई असती, तर मी इथे आले असते का? सहाही वेली बांधू या, आणि भर दुपारच्या उन्हात ओढून पाहू."

कोल्ह्याने आढेवेढे घेतले. पण खार दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. ऊन तापले तशी लाख पाघळून आत उतरली. सहा वेली एकदम ओढल्यावर आतली झिजलेली फिरकी लाखेत चिकटली ती चिकटलीच. खारीने त्याला एका शब्दाने दुखावले नाही. नमस्कार केला आणि निघाली.

टेकडीच्या पायथ्याशी अंगभर काट्यांची एक सायाळ राहत असे. तीही पेट्या दुरुस्त करी. तिच्या पेट्या दिसायला ओबडधोबड होत्या. जिथे जिथे लाकूड पिचलेले, तिथे तिथे तिने आपल्याच अंगावरून गळलेला काटा खुंटीसारखा ठोकला होता. जुन्या काळपट लाकडात ते पांढरे-काळे काटे लांबूनही उठून दिसत.

खारीने विचारले, "मावशी, हे काटे रंगवून का नाही टाकत? कुणाला कळलेही नसते."

"म्हणूनच नाही रंगवत, बाई," सायाळ म्हणाली. "दुरुस्ती कुठे केली हे घेणाऱ्याला दिसले पाहिजे. उद्या काही बिघडले तर त्याने आधी तिथेच बघावे. आणि हे कोपऱ्यातले भोक वापरू नकोस. तिथले लाकूड मला नीट साधले नाही."

आपल्याच मालाचे उणे आपल्याच तोंडाने सांगणारे कुणी खारीला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटले होते. तरीसुद्धा तिने परीक्षा सोडली नाही, आणि सायाळीलाही त्याचे वाईट वाटले नाही. उलट तिने स्वतःच वेली बांधून दिल्या. उन्हात सहाही वेली एकदम ओढल्या. पेटी जरा कुरकुरली, पण सगळे हिसके आपापल्या ठिकाणी पोचले. कोपऱ्यातले भोक सोडूनही दोन भोके रिकामी उरत होती.

"ती असू देत," खार म्हणाली. "अजून राया जोडल्या जातील. आणि मावशी, अगदी अशीच आणखी एक द्या. एखादी फिरकी मोडली, तर दुसरीतली काढून हिच्यात बसवता येईल."

"शहाणी आहेस गं," सायाळ म्हणाली, आणि दोन्ही पेट्या तिने स्वतःच्या पाठीवरून खारीच्या झाडापर्यंत आणून दिल्या.

दिवस मावळायच्या आत खारीने पेटी टांगली आणि सहाही वेली ओवल्या. कोपऱ्यातल्या भोकात तिने चिखलाचा बोळा घातला, म्हणजे चुकूनही कुणी तिथे वेल ओवू नये. कावळा पुन्हा आला. पेटीवरचे काटे बघून म्हणाला, "ही पेटी आहे की सायाळीचे पिल्लू?" खारीलाही हसू आले. पण वाऱ्यावर मोहाचा गोड, जड वास येऊ लागला होता, म्हणून ती पुन्हा एकेक वेल ओढून पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाही रायांत एकदमच फुले गळली, प्रत्येक वस्तीत आपापल्या शेंगा वाजल्या, आणि हरणे आली तेव्हा मोहाखाली फक्त सावली उरली होती.

तात्पर्य : वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही, मात्र तिची चमक न पाहता आपल्याला लागणारा सगळा भार तिच्यावर टाकून पाहावा, आणि जो तिचे उणे आपणहून दाखवतो त्याच्याकडूनच ती घ्यावी.