खानावळीतलं शेवाळ

खाडीकाठच्या एका गावात एक खानावळ होती. ती आत्माराम कुबल चालवायचा, म्हणजे गल्ल्यावर बसायचा. चूल सांभाळायची त्याची थोरली विधवा बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. वाटण तिचं, भाकऱ्या तिच्या, आणि रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूतही तिनेच काढायची.

लोकांनी थांबावं म्हणून आत्मारामने दर्शनी भागात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली आणि तीत रंगीत मासे सोडले. पाणी सारखं गढूळ होऊ लागलं. तेव्हा शहरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराने उपाय सांगितला. "शेजारी एक छोटी टाकी जोडा. तीत मासे नकोत, नुसतं समुद्री शेवाळ वाढवा. पाणी पंपाने दोन्हीकडे फिरेल आणि माशांची घाण शेवाळ शोषून घेईल."

त्याने तीन जाती दाखवल्या. एक तांबडी, देखणी, पण वाढायला आळशी. दुसरी तुटक्या जाळ्याच्या गुंत्यासारखी, ओबडधोबड पण भरवशाची. तिसरी पिसासारख्या पानांची, बघता बघता फोफावणारी. आत्मारामला घाई होती. त्याने तिसरी उचलली.

"न्या, पण छाटत राहा," दुकानदार म्हणाला. "छाटून बाहेर टाकलं तरच घाण बाहेर जाते. ही जात तर फार साचलं की एकाएकी विरघळते आणि घेतलेलं सगळं पाण्यात परत सोडते."

आत्मारामने मान हलवली. मान हलवायला काय जातं?

शेवाळ वाढलं, पाणी नितळ झालं. गिऱ्हाइकं त्या हिरव्या पानांचीही तारीफ करू लागली. मग कात्री कोण लावणार? उलट शेवाळाने अजून काम करावं म्हणून आत्मारामने वरचा दिवासुद्धा दिवसरात्र चालू ठेवला. "काय मागणा नाय, काय बोलणा नाय," तो कौतुकाने म्हणायचा. "अगदी आमच्या अक्कासारख्या."

अक्काने खरं तर एक गोष्ट मागितली होती. तिची लेक बाळंत झाली होती आणि नातवाचं तोंड अजून पाहायचं होतं.

"चार दिस चेडवाकडे जावन येव काय रे?"

"ह्यो सीझन सरांदे, मगे जा."

पर्यटकांचा सीझन सरला. मग लग्नाच्या पंगती आल्या, मग पुन्हा सीझन. नातू रांगायला लागल्याचं तिने फोनवरच ऐकलं. अक्काने विचारणं सोडून दिलं. आत्मारामला वाटलं, विसरली.

एके सकाळी शेवाळ पांढरंफटक पडलं होतं. टाकीतलं पाणी दुधासारखं झालं होतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. आत्मारामने समुद्रावरून पाण्याच्या कळश्या आणल्या. अक्काने भाताच्या टोपात मासे काढले. निम्मे वाचले, निम्मे गेले. मग अक्का हात धुऊन पुन्हा चुलीपाशी बसली, कारण माणसं जेवायला यायचीच होती.

आत्मारामने आता गुंत्यासारखी जात आणली आणि कात्रीही आणली. एक दिवस छाटलेला ओला पुंजका घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"आता ह्येका दर आयतवारी छाटतंय," तो म्हणाला. "रातचो दिवो पण बंद करतंय. वायच विसावो होयो मां तेका."

अक्का कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"बरा आसा तेचा," ती म्हणाली.

आत्मारामच्या हातातल्या शेवाळातून पाणी ठिबकत होतं. त्याला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती. त्याने पुंजका खाली ठेवला आणि तिच्या पुढ्यातली विळी आपल्याकडे ओढली.

"मी चिरतंय. तू पिशवी भर."

दुसऱ्या दिवशी खानावळीला कुलूप होतं. अक्का लेकीच्या दारात पोचली तेव्हा नातू चालायला लागला होता. अनोळखी बाई पाहून तो आईच्या मागे लपला.

तात्पर्य: जो सगळ्यांचं निमूटपणे पोटात घेतो, त्याचा भार त्याने मागण्याआधी उतरवावा; उशिरा दिलेल्या विसाव्यात गेलेले दिवस परत येत नाहीत.