याच कॅमेऱ्याची कमाल

फार वर्षं नाही झाली, एका फोटो स्टुडिओत एक महागडा डिजिटल कॅमेरा विकायला आला. मालक दिगंबरशेठनी त्याला काचेच्या कपाटात मखमलीवर बसवलं, गळ्यात किमतीची चिठ्ठी बांधली आणि मागे एका बोळक्या आजींचा हसरा फोटो लावला. खाली लिहिलं, ‘याच कॅमेऱ्याची कमाल.’

कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं झाकण अजून निघालंही नव्हतं. पण “काय हसू टिपलंय,” असं गिऱ्हाईक म्हणालं की हा मनातून फुगायचा. हळूहळू त्याला ते खरंच वाटू लागलं.

खंडेनवमीला शेठनी कामाची हत्यारं पूजेला मांडली. चिकटपट्टी लावलेल्या जुन्या कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं.

“आणि नव्याला?” बायकोने विचारलं.

“नको. डाग पडला तर किंमत उतरेल.”

नवा खवळला. जुन्याला म्हणाला, “असं हसू टिपलंत का कधी, आजोबा?”

“तो फोटो माझाच आहे, बाळा,” जुना हळूच म्हणाला. “माझी ही चिकटपट्टी पाहूनच आजींना हसू फुटलं होतं.”

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं आणि फोटोचं कौतुक करू लागलं. डोळ्यावर झाकण आहे, याचं नव्याला आज पहिल्यांदाच बरं वाटलं.