पडद्यावरची पंगत

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या मुलीला घेऊन गावातल्या वृद्ध गुरुजींकडे आला. मुलीचे नाव ऋजुता, वय चौदा. तिला त्याने ओसरीच्या कडेला बसवले आणि स्वतः गुरुजींसमोर मांडी घातली.

“गुरुजी, आमच्या घरात जपानी जन्माला आली आहे,” तो म्हणाला. “घरी असली की त्या कार्टूनच्या मालिका बघते. आल्यागेल्यासमोर कमरेत वाकते. जेवायला बसली की हात जोडून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटते. आपला श्लोक म्हण म्हटले, तर ओठ मिटून घेते. तुमच्या स्नेह्यांचे ते वसतिगृह आहे ना, संस्कारांसाठी नावाजलेले? तिकडे तिला ठेवायचे ठरवले आहे. तुम्ही शब्द टाकलात की प्रवेश मिळेल.”

गुरुजींचा तरुण शिष्य जवळच बसला होता. त्याला हसू आले. “शेठजी, वेळेवर आलात. आणखी वर्षभराने हिने पुरणपोळी काड्यांनी खाल्ली असती!”

व्यापारीही हसला. मुलगी हसली नाही.

गुरुजींनी तिला विचारले, “बाळ, जेवताना काय म्हणतेस?”

तिने तो शब्द इतक्या हळू उच्चारला की तो गुरुजींपुरताच राहिला.

“अर्थ काय त्याचा?”

“मिळालं ते नम्रपणे घेते, असा.”

“कुठे शिकलीस?”

“त्या घरात सगळे म्हणतात.”

“कोणत्या घरात गं?”

“अहो, मालिकेतल्या!” व्यापारी मध्येच बोलला. “चित्रातले घर ते, गुरुजी. रंगवलेले!”

मुलीने मान खाली घातली.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, “शेठजी, उद्या दुपारी हिला आमच्याकडे जेवायला पाठवा आणि हिचे ताट मला वाढा. मात्र माझ्यासाठी काही बदलू नका. ती जिथे, जशी जेवते, तसाच मी जेवेन. हा शिष्य नुसता सोबत येईल, त्याचा उपवास आहे. वसतिगृहाचे संध्याकाळी बोलू.”

व्यापाऱ्याला हे विचित्र वाटले, पण गुरुजींना नाही कसे म्हणायचे?

दुसऱ्या दिवशी गुरुजी आणि शिष्य त्या घरी पोहोचले, तेव्हा दाराला कुलूप होते. किल्ली शेजारच्या बाईंकडे होती. त्या म्हणाल्या, “शेठ आणि वहिनी सकाळीच दुकानात जातात, ते रात्रीच येतात. पोरगी शाळेतून येते, किल्ली घेते, माझ्यासमोर अशी वाकते आणि आत जाते. मी म्हणते, अगं, काकूसमोर कसलं वाकतेस! पण गोड आहे हो.”

आत जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. तीन खुर्च्यांवर दुकानातल्या मालाची खोकी रचलेली होती. चौथीसमोर झाकलेले ताट होते. भाजी, दोन पोळ्या, वाटीत वरण. सगळे गार झालेले. घरात शिष्याने लावलेल्या पंख्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

गुरुजी त्या खुर्चीवर बसले. ताटावरचे झाकण त्यांनी काढले, पण घास काही उचलला नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “अरे, समोरचा टीव्ही लाव. ती बघते तेच लाव.”

शिष्याने टीव्हीवर तिची अर्धी राहिलेली मालिका लावली. पडद्यावर एक बैठे टेबल होते, त्याभोवती आजोबा, आईवडील आणि मुले. वाडग्यांतून वाफ निघत होती. सगळ्यांत धाकटा हात धुऊन येईपर्यंत कोणी अन्नाला हात लावला नाही. तो बसला, सर्वांनी हात जोडले आणि एका सुरात तो शब्द म्हटला.

गुरुजींनीही हात जोडले. मान लववून त्यांनी तोच शब्द मोठ्याने म्हटला आणि मग पहिला घास घेतला.

शिष्य थक्क झाला. परतीच्या वाटेवर त्याला राहवेना. “गुरुजी, आयुष्यभर आपण मुलांना श्लोक शिकवलेत. आणि आज आपणच?”

गुरुजी म्हणाले, “त्या टेबलाशी बसल्यावर मला घासच उचलवेना. मग समोर एक कुटुंब जेवायला बसले. त्यांनी हात जोडले, माझेही जोडले गेले. पंगत म्हणते तेच आपण म्हणतो. तूही श्लोक असाच शिकलास, अर्थ तुला फार उशिरा कळला. त्या मालिकांत सारेच चांगले आहे असे मी म्हणत नाही. पुढच्याच प्रसंगात तो मुलगा आईवर खेकसला, तेही ती पाहतेच. पण मूल ज्यांच्याबरोबर जेवते, त्यांचे होते. या मुलीबरोबर कोण जेवते, ते तू पाहिलेस.”

ते घरी आले, तेव्हा ऋजुता जेवून गेली होती. गुरुपत्नी सांगू लागल्या, “गुणी आहे हो पोर. ताट वाढले तरी हात लावेना. मला वाटले, भाजी आवडत नसेल. विचारले तर म्हणते, ‘आजी, तुम्ही बसलात की सुरू करू.’ मी आपली तिला वाढायच्या नादात, तिचा भात निवून गेला.”

शिष्याने नजर खाली वळवली. काड्यांची थट्टा त्याला आठवली असावी.

संध्याकाळी व्यापारी आला. गुरुजींनी त्याला दुपारचे सगळे सांगितले.

“पण दुपारी दुकान बंद ठेवायचे म्हणजे...” व्यापारी चाचरला. “भर गिऱ्हाइकाची वेळ असते, गुरुजी.”

“मग वसतिगृहासाठी मी शब्द टाकतो,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “तिथे तिला श्लोक येईल. तिथे रोज पंगत बसते, ती त्यांच्यातलीच होऊन जाईल. मग सुट्टीत ती तुमच्या घरी कशासाठी येईल, एवढे मात्र मला सांगता येणार नाही.”

शब्द टाका, असे न म्हणताच व्यापारी उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाचे शटर खाली ओढले आणि बायकोला घेऊन तो घरी गेला. खुर्च्यांवरची खोकी त्याने जमिनीवर ठेवली. तिघे जेवायला बसले. मुलीने हात जोडून तिचा तो शब्द म्हटला. वडील रागावले नाहीत; त्यांनीही अवघडल्यासारखे हात जोडले. “भाजी घे,” आई एकदा म्हणाली. एवढेच.

ऋजुता सवयीने भराभर जेवली आणि ताट घेऊन उठली. मग तिच्या लक्षात आले, आईबाबांचे जेवण अजून चालू आहे. ती पुन्हा बसली. तिचा उष्टा हात वाळून गेला, तरी ती उठली नाही.